कॅन्सल चेकमध्ये कॅन्सल काय असतं?

ऐरोलीला नुकतीच नोकरीला लागलेल्या भाचीने विचारलंय, एचआरवाले पगाराच्या खात्यासाठी कॅन्सल चेक मागतायत पण त्यावर ना रक्कम ना सही, कुणाला दिलेलाच नाही तो चेक, मग कॅन्सल काय केलं? आणि कॅन्सलला मराठीत दरवेळी रद्दच म्हणायचं का?

प्रश्न फार आवडला मला, कारण कॅन्सलचा मूळ अर्थ आज रोजच्या व्यवहारात कुठे डोळ्यांना दिसत असेल तर तो या चेकवरच. लॅटिनमध्ये कॅन्सेली म्हणजे गजांची जाळी, जाळीचा कठडा. त्यावरून कॅन्सेलारे हे क्रियापद झालं, लिहिलेल्या मजकुरावर तिरक्या रेघा मारायच्या, अगदी जाळीसारख्या. खालचं वाचता येतं, पण आता ते लागू नाही हे बघताक्षणी कळतं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे आला तो याच अर्थाने, गाडी कॅन्सल, मीटिंग कॅन्सल वगैरे नंतरचं. म्हणजे चेकवर दोन तिरक्या रेघा मारून मधे कॅन्सल्ड लिहिलं की झालं, चेक आधी कुणाला दिलेला असायची गरजच नाही. नाव, खाते नंबर, आयएफएससी कोड सगळं दिसतं आणि त्या चेकवर पैसे मात्र काढता येत नाहीत. (सही करू नको हं त्यावर, लागत नाही.)

इथे एक गोंधळ नेहमी होतो. डाव्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा मारतात तो क्रॉस्ड चेक, तो पूर्ण चालू असतो, फक्त काउंटरवर रोख मिळत नाही, बँकेमार्फतच पैसे मिळतात. ही तरतूद 1881 च्या कायद्यातली आहे, आजही तीच चालते. रेघा दोन्हीकडे दोनच पण काम एकदम वेगळं.

त्याच जाळीतून चॅन्सेलर पण निघालाय! रोमन कोर्टात जाळीच्या कठड्यापाशी जो कर्मचारी उभा असायचा तो कॅन्सेलारियस, पुढे त्याचा मान वाढत वाढत जर्मनीत सरकारचा प्रमुख झाला आणि आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचे चॅन्सेलर म्हणजे कुलपती, जे राज्यपाल असतात. हाडाच्या आतल्या जाळीदार भागाला डॉक्टर लोक कॅन्सेलस म्हणतात तेही यातलंच. आणि गणितात अंश-छेदातला सारखा आकडा आपण वर-खाली काट मारून उडवतो, इंग्रजीत ते कॅन्सल करणंच आहे, आणि तिथेही खरोखरची रेघ मारतो आपण.

स्पेलिंगचं थोडक्यात सांगते, कॅन्सल्डमध्ये ब्रिटिश पद्धतीने दोन एल, अमेरिकन पद्धतीने एक, पण कॅन्सलेशनमध्ये दोघांकडेही दोनच.

आता रद्द. हा मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला, परत फिरवणे, नाकारणे असा अर्थ, रेघांशी काही संबंध नाही. घरातली रद्दी पण यातलीच, आणि रद्दबातलमधला बातल म्हणजे निरर्थक, तोही अरबीच. त्यामुळे रद्दला एक सरकारी वजन आहे असं मला वाटतं. परवाना रद्द, जीआर रद्द, रविवारी मेगाब्लॉक असला की ठाणे स्टेशनवर अमुक लोकल रद्द, तिथे तो अगदी बरोबर बसतो. पण चार मैत्रिणींचा येऊरला जायचा बेत होता आणि कुणीच उठलं नाही तर तो रद्द कसा होईल, रद्द करायला कुणीतरी ठरवावं लागतं ना! तो बारगळला. भांडण होऊन गेला तर फिसकटला. पुढच्या रविवारवर गेला तर पुढे ढकलला, आणि विचार करून नकोच म्हटलं तर रहित केला, हा रहित हल्ली फार कमी ऐकू येतो, माझी आजी सर्रास वापरायची. लग्न तर मोडतंच, त्याला कॅन्सल झालं म्हटलेलं मला अजिबात सहन होत नाही. या सगळ्यांत काय झालं आणि कुणामुळे झालं ते शब्दातच कळतं, कॅन्सलमध्ये ते कळत नाही. ॲपवरची रिक्षा कॅन्सल झाली म्हटलं की लगेच विचारावं लागतं, तू केलीस की त्याने?

चेकला मात्र बिनधास्त कॅन्सल चेकच म्हण. काही फॉर्मवर रद्द केलेला धनादेश असं छापलेलं असतं, चुकीचं नाही ते, पण बँकेच्या काउंटरवर तसं बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.