आधी भाव बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची तीनशे डावांची नोंद मी दोनदा वाचली. दगड-कागद-कात्रीच्या या ऑनलाइन कॅसिनोतल्या खेळात यंत्र कात्री जरा जास्त वेळा काढते, तीनशेत ११२ वेळा, म्हणून आपण सतत दगड काढला तर शेवटी फायदाच व्हायला हवा. मग खात्यातले पैसे कमी का होत आहेत, असा तुझा प्रश्न आहे. नोंदी तू नीट ठेवल्या आहेस. त्या पाहून आनंद झाला आणि तितकाच रागही आला, कारण यंत्राने काय काढले, तू काय काढलेस, कोण जिंकले, हे सगळे त्यांत आहे आणि प्रत्येक डावात किती रुपये गेले व किती आले, हा रकानाच नाही. सांख्यिकीच्या वर्गात तीन वर्षे माझ्यासमोर बसलेल्या मुलाने हात मोजावेत आणि भाव, म्हणजे जिंकल्यास किती मिळते व हरल्यास किती जाते, तो पाहू नये, हे मला सहन होत नाही. जुगार वाईट असतो हे तुला ठाऊक आहे, ते मी लिहीत बसणार नाही. भाव मात्र पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

तू पाठवलेले नियम असे आहेत: जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकीच रक्कम वर मिळेल, हरल्यास लावलेली रक्कम जाईल, आणि बरोबरी झाल्यास निम्मी परत मिळेल. जिंकणे आणि हरणे सारख्याच किमतीचे आहे, हे वाचून तुझे समाधान झाले आणि तू पुढे गेलास. आता शंभर-शंभर रुपयांचे तीन डाव कागदावर मांड, एक जिंकलेला, एक हरलेला, एक बरोबरीचा. पहिल्यात शंभर आले, दुसऱ्यात शंभर गेले, तिसऱ्यात पन्नास गेले. तीनशे लावून अडीचशे परत आले, म्हणजे खेळवणाऱ्याने शेकडा १६.६७ ठेवून घेतले. दोन शून्ये असलेल्या रूलेटच्या चक्रावर, ज्याला जाणते लोक महागडे चक्र म्हणतात, कॅसिनो शेकडा ५.२६ घेतो, तू त्याच्या तिपटीहून अधिक मोजतो आहेस. लहानपणी अंगणात हा खेळ खेळताना दोघांनीही कागद काढला तर आपण हसून पुन्हा हात काढायचो, कोणाचे काही जात नसे. तीन डावांतला तो एक रिकामा डाव कॅसिनोने उचलला आणि त्यावर आपला गल्ला मांडला.

आता तुझ्या कात्रीकडे वळते. तिन्ही हात सारख्या शक्यतेने येत असतील तर तीनशे डावांत कात्री सरासरी शंभर वेळा यावी, आणि प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीभोवती सहज होणाऱ्या चढउताराचे माप, आठाहून थोडे अधिक येते. तुझे ११२ हे दीड विचलनाच्याही आतले आहे, त्याने दचकण्याचे कारण नाही. पण तुझे म्हणणे क्षणभर पूर्णपणे खरे धरू. यंत्र खरोखरच शंभरात ३७.३ वेळा कात्री आणि उरलेले दोन हात समसमान काढते असे मान, आणि तू दर वेळी दगड काढ. तरीही शंभर रुपयांच्या प्रत्येक डावामागे तुझे सरासरी नऊ रुपये सदुसष्ट पैसे जातील. या भावात केवळ ना नफा ना तोटा एवढे साधायचे असेल तरी यंत्राने तीनशेत जवळजवळ १२९ वेळा कात्री काढायला हवी. म्हणजे तू शोधलेली गोष्ट खरी निघाली असती तरी पुरली नसती, आणि हे कळायला तीनशे डावांची गरज नव्हती, नियमांच्या त्या तीन ओळी पुरेशा होत्या. तू अडीच महिने ज्या प्रश्नावर घालवलेस तो दुसरा प्रश्न होता रे. पहिला तू विचारलाच नाहीस.

तू दुसऱ्या एका ठिकाणचे नियमही विचारले आहेत, जिथे बरोबरीत पूर्ण रक्कम परत मिळते पण जिंकल्यावर शंभरावर ९५ च मिळतात. तिथे तीन डावांत पाच रुपये जातात, म्हणजे लावलेल्या तीनशेंवर शेकडा १.६७, बरोबरीचे डाव वगळून मोजले तर शेकडा २.५. दोन्ही आकडे बरोबर आहेत, म्हणून कोणता दाखवला जातो आहे हे पाहावे लागते. बरोबरी म्हणजे हार आणि जिंकल्यास लावलेली रक्कम धरून २.९ पट, असे असेल तर शेकडा ३.३३ जातात. आणि ज्या ‘सलग विजयांच्या शिडी’चे तुला एवढे आकर्षण वाटते, तिच्यात जिंकलेली सगळी रक्कम पुढच्या डावाला लागते, आणि प्रत्येक पायरीवर दोनऐवजी १.९५ ने गुणत गेले तर पाच पायऱ्यांनंतर ३२ पट मिळायला हवे तिथे २८.२ पट मिळते. कपात शेकडा बारापर्यंत पोचलेली असते. दहा पायऱ्यांना १०२४ च्या जागी ७९५. पडद्यावरचा आकडा फुगत असताना मागे तुझा वाटा आक्रसत असतो, आणि तो आक्रसलेला वाटा पडद्यावर कुठेच दिसत नाही.

चीनमधल्या संशोधनाचा दाखला तू दिला आहेस, तो योग्य आहे, पण इथे लागू नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात झेजियांग विद्यापीठाचे ३६० विद्यार्थी एकमेकांशी खेळले आणि जिंकलेला माणूस तोच हात पुन्हा काढण्याकडे, तर हरलेला माणूस हात बदलण्याकडे झुकतो, असे दिसले. तो स्वभाव माणसांचा आहे. तुझ्यासमोर यादृच्छिक संख्या निर्माण करणारी प्रणाली आहे. तिला हरल्याचे दुःख नाही आणि मागचा डाव आठवत नाही. माणसे समोरासमोर असतील तर या खेळात खरोखर डोके चालते, हे मीही मानते. २००५ साली जपानमधल्या मास्प्रो डेन्कोह या कंपनीच्या अध्यक्षांनी आपला चित्रसंग्रह ख्रिस्टीज आणि सदबीज या दोन लिलावसंस्थांपैकी कोणी विकावा हे ठरवण्यासाठी दोघांना हाच खेळ खेळायला लावले. ख्रिस्टीजने आपल्या एका अधिकाऱ्याच्या अकरा वर्षांच्या जुळ्या मुलींचा सल्ला घेऊन कात्री काढली, सदबीजने कागद काढला आणि कोट्यवधी डॉलरचे काम गमावले. त्या डावात मधे बसून प्रत्येक हाताची फी कापणारा कोणी नव्हता. तुझ्या डावात तो आहे, म्हणून आधी भाव बघ.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर अंदर-बाहर हा पत्त्यांचा खेळ चालतो, त्याचाही हिशेब करून बघ. ज्या बाजूला पहिले पान पडते ती बाजू शंभरात सुमारे ५१.५ वेळा जिंकते, आणि म्हणूनच तिच्यावर शंभराला ९० च देण्याची पद्धत आहे. दुसऱ्या बाजूवर पूर्ण शंभर देतात. एकीकडे शेकडा २.१५ जातात, दुसरीकडे शेकडा तीन. अनुकूल बाजू शोधल्याच्या आनंदात लोकांचे जे पाहायचे राहते, ते खेळवणाऱ्याने त्यांच्या आधीच पाहून ठेवलेले असते. तुझ्या ॲपबाबत आणखी एक अडचण आहे. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशात बंदी घातली आहे, तेव्हा परदेशातून चालणाऱ्या अशा ठिकाणी तिन्ही हात खरोखर सारखे येतात की नाही, याची दाद तू मागणार तरी कोणाकडे? मी वर मांडलेला हिशेब त्यांचा प्रामाणिकपणा गृहीत धरून केलेला आहे.

मी एवढी का चिडले आहे, हे तुला सांगायला हवे. माझा धाकटा भाऊ लालबागला राहायचा आणि आकडा लावायचा. शून्य ते नऊ यांतला एक आकडा, आणि लागला तर त्याचा बुकी रुपयाला नऊ रुपये देत असे, लावलेला रुपया त्यातच आला. मी त्याला आईची शपथ घातली, त्याच्या मित्रांना दोष दिला, सहा महिने त्याच्याशी बोलले नाही. त्याच काळात मी महाविद्यालयात अपेक्षित मूल्य, म्हणजे एका डावामागे सरासरी किती हाती येते याचा हिशेब, शिकवत होते, आणि घरी त्याच्यासमोर कागद ठेवून दहाच्या जागी नऊ मिळतात एवढे एक वाक्य मी कधी लिहून दाखवले नाही. मला वाटायचे की हा चारित्र्याचा प्रश्न आहे, त्यात गणित आणणे म्हणजे जुगाराला मान देणे. तो गेल्यानंतर त्याच्या ट्रंकेत एक वही सापडली. ६४० आकडे लिहिलेले होते आणि ६६ पुढे बरोबरची खूण होती. दहात एक या हिशेबाने ६४ यायला हवे होते. त्याचे नशीब वाईट नव्हते, उलट दोन खुणा जास्तच होत्या. ६६ गुणिले नऊ म्हणजे ५९४, आणि लावलेले ६४०. तो आयुष्यभर स्वतःला कमनशिबी म्हणत राहिला आणि मीही त्याला तेच म्हणत आले.

त्यानंतर दर वर्षी मी अपेक्षित मूल्य आकड्याच्याच उदाहरणाने शिकवले. पालकांनी तक्रारी केल्या, वरिष्ठांनी फाशांचे किंवा पावसाचे उदाहरण घ्या असे सुचवले, मी ऐकले नाही. मी हट्टी आहे असे तेव्हा सगळे म्हणत, आणि तुझे पत्र वाचल्यावर तर मला वाटते की मी पुरेशी हट्टी नव्हते, कारण तूही त्याच वर्गात बसला होतास आणि परीक्षेत तो प्रश्न तू अचूक सोडवला होतास. तेव्हा ही चूक निम्मी माझी धर. पण निम्मीच.

भावाच्या वहीत पैशांचा रकाना नव्हता, तुझ्यातही नाही. येत्या रविवारी सकाळी ये. ही नोंद आणि या अडीच महिन्यांचे बँकेचे विवरण छापून आण, मोबाइलवर दाखवू नकोस. तो रकाना आपण दोघे मिळून भरू, तीनशेच्या तीनशे ओळी, आणि तू भरत असताना मी मधे बोलणार नाही. जेवायला थांब.

तुझी,
बाई