पहिला नंबर लेनोवोचा, मग भाव डेलचा का वाढला?

प्रश्न : संगणकविक्रीत लेनोवो जगात पहिली, तरी २०२४ मध्ये चर्चा डेलच्या शेअरची होती. बाजारहिस्सा बघून शेअर घ्यावा का?

उत्तर : नुसता हिस्सा बघून नको. आयडीसीसारख्या बाजार-पाहणी करणाऱ्या संस्था दर तिमाहीला मोजतात ती कंपनीतून वितरकांकडे गेलेली यंत्रं. गिऱ्हाइकाने घेतलेली नव्हे. गोदामं भरली की पुढच्या तिमाह्या कोरड्या जातात. २०२१ मध्ये सुमारे ३५ कोटी संगणक गेले, २०२३ मध्ये जेमतेम २६ कोटी. लेनोवो पहिलीच राहिली, पण अख्खा बाजारच आटला.

त्यापेक्षा निकालपत्रातलं विभागवार नफ्याचं पान उघडा. एचपीचं २०२३ चं आर्थिक वर्ष घ्या : संगणकांची विक्री छपाई (प्रिंटर आणि शाई) विभागाच्या जवळपास दुप्पट, पण १०० डॉलरमागे नफा साधारण ६, छपाईत १८-१९. म्हणजे एकूण नफाही छपाईचाच जास्त. शाईच्या डब्या कंपनीला पोसतात म्हणा ना!

डेलचा भाव चढला तो एआय सर्व्हरच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या ताकदवान संगणकांच्या, मागणीमुळे, लॅपटॉपमुळे नव्हे. त्याच सर्व्हरवर नफा पातळ सुटतोय या धास्तीने ३१ मे २०२४ ला शेअर एका दिवसात जवळपास १८ टक्के पडला. विक्री वाढलेली असूनही.

तुलना करताना वर्ष जुळवून घ्या : लेनोवोचं मार्चअखेर संपतं, एचपीचं ऑक्टोबरअखेर, डेलचं जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला.