ऑफिससाठीचा पहिला जोड

प्रिय बाळ,

तू काल रात्री पाठवलेला फोटो पाहिला. काळ्या, पुढून टोकदार, पुठ्ठ्याइतक्या पातळ तळाच्या बेली, किंमत ६९९. खाली तू लिहिलं होतंस, "मावशी, हील्स नकोच. फ्लॅट्स घेते, म्हणजे पाय दुखायचा प्रश्नच मिटला." त्या शेवटच्या वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले. टाच नसली की पाय दुखत नाहीत, असं तुझ्या वयात मीही धरून चालले होते, आणि माझ्या उजव्या टाचेला ते पुढची तीन वर्षं पुरलं.

माझं पहिलं ऑफिस पुण्यात डेक्कनला होतं. नारायण पेठेतून लकडी पूल ओलांडून रोज चालत जायचे. पायात सपाट, हलकी, दिसायला नाजूक चप्पल. सहा-सात महिने काही वाटलं नाही. मग एके सकाळी पलंगावरून उतरले आणि पहिल्याच पावलाला टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली. दहा-बारा पावलं चालल्यावर ती कमी झाली, म्हणून दुर्लक्ष केलं. ऑफिसात तासभर बसून उठले की पुन्हा तेच. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कारण कळलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. तळव्याची कमान तो तोलून धरतो. खाली आधार नसला की प्रत्येक पावलाला कमान खचते आणि हा पट्टा ताणला जातो. रात्री झोपेत तो आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. एका पावलात २६ हाडं असतात, बाळ. त्यांच्या आणि फरशीच्या मध्ये फक्त पुठ्ठा ठेवून वर्षभर चालायचं नसतं.

म्हणून फ्लॅट म्हणजे अगदी शून्य टाच असं समजू नकोस. दोन ते अडीच सेंटीमीटरची रुंद, बसकी टाच आणि आत थोडी गादी असलेला जोड दिसायला फ्लॅटच दिसतो, पण पोटरीचा आणि टाचेचा ताण बराच हलका करतो.

दुकानात जाण्याआधी तुझा स्वतःचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आण. खोलीपासून आनंदनगर स्टेशनपर्यंत चालत, मग जिने. सकाळच्या मेट्रोत बसायला मिळेलच असं नाही, त्यामुळे रामवाडीपर्यंत बहुधा उभीच असशील. पुढे रिक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर विमाननगरच्या त्या उखडलेल्या फुटपाथवरून चालणं. ऑफिसात गुळगुळीत टाइल्स, लांबलचक कॉरिडॉर, कँटीन दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी हेच सगळं उलट. जोड घ्यायचा तो या सगळ्या रस्त्यासाठी. खुर्चीत बसल्यावर तो टेबलाखाली कुणाला दिसतही नाही.

आता हातात घेऊन काय बघायचं ते सांगते. बुटाचं पुढचं टोक आणि टाच दोन्ही हातांत धर आणि वाकव. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे चालताना आपलं पाऊल वाकतं तिथे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेव. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघ. थोडा वळला तर ठीक, फडक्यासारखा पिळला गेला तर तो तुझ्या कमानीला काहीच आधार देणार नाही. शेवटी मागची बाजू अंगठ्याने दाब. टाचेभोवतीचा भाग टणक हवा, म्हणजे टाच आत डगमगत नाही. तू फोटो पाठवलेल्या बेली या तिन्हींत बसणार नाहीत, हे मी फोटो बघूनच सांगते. त्यांची मागची कड नुसती इलॅस्टिकची आहे.

मापाच्या बाबतीत मात्र मी तुला हट्टी झालेली बघू इच्छिते. खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला जोड सहा वाजता चावायला लागतो. दोन्ही पाय घालून बघ, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि माप मोठ्या पायाचं घ्यायचं. बसून नाही, उभं राहून. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. दुकानातल्या गालिच्यावर चालू नकोस. फरशीवर दहा मिनिटं चाल, पायरी असेल तर चढ-उतर, आणि टाच मागून निसटते का बघ.

त्याआधी घरी एक गोष्ट करून ठेव. कोऱ्या कागदावर उभी राहा आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची आकृती काढून घे. दुकानात बूट त्या आकृतीवर ठेव. आकृती बुटाच्या बाहेर आली, विशेषतः चवड्याशी, तर तो जोड कितीही सुंदर असला तरी तुझा नाही. टोकदार बेलींचं नेमकं इथेच बिनसतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून दिसलं. बाजारात मात्र मापं अजून त्यांचीच. वर आकड्यांचा घोळ आहेच. ब्रिटिश मापात पाच नंबरानंतरचा सहा नंबर म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटरची वाढ, तर युरोपियन मापात ३८ नंतरचा ३९ म्हणजे साडेसहाच्या थोडी वर. हे दोन्ही आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे "माझा पाच नंबर" असं छातीठोकपणे सांगू नकोस, दर वेळी घालून बघ.

दुकानदार म्हणेल, "मॅडम, वापरून सैल होईल." खरं चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत होत नाही. रेक्झिन कशातच होत नाही. माझ्या करंगळीवर जे कुरूप होतं, ते याच एका वाक्यावर विश्वास ठेवून घेतलेल्या जोडामुळे. माझ्या मापाचा जोड संपला होता, एक नंबर लहान उरला होता, आणि मला तो रंग फार आवडला होता.

ऑनलाइन मागवलास तरी हेच सगळं घरी कर, फक्त चादरीवर चालून बघ, म्हणजे तळ मळणार नाही आणि परत करता येईल.

पहिला जोड म्हणून मी तुला लोफर, म्हणजे लेस नसलेला बंद बूट सुचवीन. पुढून गोलसर, टाचेशी बसकी उंची, तळ रबराचा आणि त्यावर खाचा असलेला. त्या टाइल्सवर, पावसात ओल्या पायांनी आत शिरल्यावर, गुळगुळीत तळ फार वाईट घसरतो. बेलीचाच हट्ट असेल तर वरून पट्टा असलेली मेरी जेन घे. पट्टा नसला की बूट पायात राहावा म्हणून बोटं सारखी आवळली जातात, आणि संध्याकाळी पाय का भरून आले ते आपल्याला कळत नाही. मोजडी कुर्त्यावर देखणी दिसते, पण पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा फरक नसतो. ती वापरून वापरून पायाच्या आकाराची होते आणि तोवर चावते. ती समारंभापुरती ठेव.

कोल्हापुरीबद्दल तू मागे विचारलं होतंस, ऑफिसात चालेल का म्हणून. का नाही चालणार? २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तसाच घाट दाखवला आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा किती लोक चिडले होते ते तुला आठवत असेल. मला त्या चिडण्यात आपलेपणा दिसला. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ. इतकं कसब ज्यात आहे ती चप्पल ऑफिसात संकोचाने घालायची नसते. पण पायाच्या दृष्टीने स्पष्ट सांगते, तिचा तळ कडक असतो आणि गादी नसते. आठवड्यातून एखाद दिवस, खणाच्या किंवा इरकलीच्या कुर्त्यावर घाल, आणि त्या दिवशी फार चालायचं नाही असं बघ. नवीन असताना अंगठ्याच्या पट्ट्याला आतून खोबरेल तेल चोळ आणि चार-पाच संध्याकाळी घरातच वापर. पावसाळ्यात तिला बाहेर काढू नकोस.

दिसण्याचं म्हणशील तर सगळी गंमत कपड्याच्या उंचीत आहे. हील्सवर बेतलेली ट्राउझर फ्लॅट्सवर जमिनीला घासते आणि माणूस गबाळा दिसतो, बुटाचा त्यात काही दोष नसतो. सरळ ट्राउझर घोट्याच्या किंचित वर संपू दे. घोटा दिसला की पाय लांब वाटतो आणि लोफर उठून दिसतो. पलाझो असेल तर बुटाचं टोक दिसेल इतकी, त्याहून लांब नको. साडी नेसायच्या दिवशी आधी पायात जोड घाल आणि मग निऱ्या घे. परकरही त्याच उंचीला बांध. अनवाणी नेसून नंतर बूट घातले की काठ वर चढतो.

रंग दोनच घे. एक काळा, आणि दुसरा तुझ्या कातडीच्या रंगाच्या जवळ जाणारा तपकिरी. कातडीशी मिळता रंग पाय मध्येच तोडत नाही, म्हणून कमी उंचीच्या मुलींना तो जास्त शोभतो. पर्सचा आणि बुटाचा रंग एकच हवा असं काही नाही.

दोन जोड हवेत यामागे दुसरंही कारण आहे. चामड्याने दिवसभर घाम शोषलेला असतो, त्याला वाळायला एक दिवस लागतो. रोज तोच जोड घातला तर वास येतो आणि आयुष्यही कमी होतं. दुसरा जोड पहिल्या पगारावर घेतलास तरी चालेल. आणि जून ते सप्टेंबर रस्त्यासाठी साधे रबरी सँडल वापर, लोफर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेव. भिजलाच तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेव. उन्हात नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको, चामडं तडकतं. आणखी एक, "लग्नासाठी जपून ठेवते" म्हणून जोड खोक्यात बंद करून ठेवू नकोस. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा तळ दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. माझ्या बहिणीचा तसा एक जोड दोन वर्षांनी काढला, तर दारातून गेटपर्यंत जाईतो तळाचा भुगा झाला होता. टाचेचं रबर झिजायला लागलं की कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे लगेच दे. एका बाजूने झिजलेल्या टाचेवर चालत राहिलं की पाऊल तिरकं पडतं.

आणि सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखली, ती आठवडाभर दुखत राहिली, तर मला सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. मी सहा महिने अंगावर काढलं, ते तू करायचं नाहीस.

तुझी जॉइनिंग सोमवारी आहे ना? मग शनिवारी संध्याकाळी सहाला लक्ष्मी रोडवर ये, मी विजय टॉकीजच्या चौकात थांबते. तुझ्या ६९९ मध्ये जेवढे कमी पडतील ते मी घालते, पगार झाल्यावर दे. कागदावरची पावलं विसरू नकोस, आणि सोमवारी घालणार आहेस ती ट्राउझर पिशवीत घालून आण. जोड ठरला की तिथेच टेलरकडून उंची करून घेऊ.

तुझी,
मावशी