वाचकांचे प्रश्न: हुकूमनाम्याचे पैसे फेडले, तरी सिबिलमध्ये दावा दिसतो

प्रश्न: बँकेने माझ्यावर वसुलीचा दावा लावला होता. हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाने निकालात ठरवलेली, पूर्ण रक्कम मी व्याज-खर्चासह आठ महिन्यांपूर्वी थेट बँकेत भरली. तरीही सिबिल अहवालात त्या कर्जापुढे ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) आणि थकबाकी दिसते. जामीनदार असलेल्या माझ्या मेहुण्यांचे गृहकर्जही त्यामुळे अडले आहे. काय करावे?

उत्तर: न्यायालय स्वतःहून सिबिलला काही कळवत नाही. तो शेरा बँकेने पाठवलेला असतो आणि बँकेने कळवल्याशिवाय सिबिल तो काढत नाही. पण आधी न्यायालयातली बाजू बंद करा, कारण तिथला धोका मोठा आहे. पैसे न्यायालयाबाहेर भरले असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे त्याची नोंद व्हावी लागते. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी न्यायालयात केलेल्या अर्जात) विचारातच घेतला जात नाही आणि दरखास्त लावायला बँकेला १२ वर्षांची मुदत असते. तुम्ही स्वतः नोंदीचा अर्ज करायचा तर भरणा केल्यापासून ३० दिवसच मिळतात. ते उलटून गेले आहेत, म्हणून बँकेच्या वकिलांकडून पूर्ण वसुली झाल्याची पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दाखल करून घ्या. त्यावरील आदेशाची प्रमाणित नक्कल काढा.

मग बँकेकडून कर्ज खाते क्रमांकासह ‘नो ड्यूज’ (काही देणे बाकी नाही) दाखला घ्या. कर्ज मधल्या काळात मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले असेल, तर दाखला त्या कंपनीचाच लागतो. पुष्कळांचे काम इथेच अडते: जुनी बँक दाखला देते, अहवालात मात्र नव्या कंपनीची नोंद तशीच राहते.

आता सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही पत-माहिती कंपन्यांचे अहवाल काढा. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मेहुण्यांचेही काढा, जामीनदाराच्या अहवालातली नोंद वेगळी तपासावी लागते. जिथे चूक दिसेल तिथे ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि बँकेला त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ‘अहवाल दुरुस्त करा’ एवढेच लिहू नका. शिल्लक शून्य, थकबाकी शून्य, खाते बंद झाल्याची तारीख आणि दाव्याचा शेरा रद्द, अशी प्रत्येक रकान्याची मागणी स्पष्ट लिहा.

दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे. त्यातले २१ दिवस बँकेचे. ३० दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ती जरूर मागा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

हप्ते खरोखर थकले होते त्या महिन्यांचा इतिहास मात्र राहील. तो पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न: लोकअदालतीत ३ लाखांऐवजी १ लाख ८० हजारांवर तडजोड झाली. अहवालात ‘सेटल्ड’ आले आहे. ‘क्लोज्ड’ होईल का?

उत्तर: बँकेने १ लाख २० हजार सोडले, म्हणून ‘सेटल्ड’ ही नोंद बरोबरच आहे, तक्रार करून ती बदलणार नाही. सोडलेली रक्कम भरली तर नोंद ‘क्लोज्ड’ कराल का, असे बँकेला लेखी विचारा. तसे करण्याचे बंधन बँकेवर नाही, म्हणून होकाराचे पत्र हाती आल्यावरच पैसे भरा.