दोन लाख रुपये जास्त मोजून व्हेंटिलेटेड सीट घ्यावी का?

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक वाचकाने विचारले आहे की, पेट्रोल गाडीचे मधले मॉडेल साडेअकरा लाखांना आणि व्हेंटिलेटेड (गादीतून हवा खेळवणाऱ्या) सीटचे वरचे मॉडेल साडेतेरा लाखांना शोरूममध्ये मिळत असताना कर्ज वाढवून वरचे घ्यावे, की बाजारातील पंखा व हीटर असलेले सहा हजारांचे सीट कव्हर बसवावे. त्यांच्या वडिलांना मधुमेह असून तपासणीसाठी त्यांना अधूनमधून जळगावला न्यावे लागते, आणि सीट तापून चटका बसेल अशी घरच्यांना धास्ती आहे.

ही धास्ती निराधार नाही. कंपनीने बसवलेल्या हीटेड सीटमध्ये तापणाऱ्या तारेजवळ सेन्सर असतो, मर्यादा गाठली की नियंत्रक वीजपुरवठा तोडतो आणि बिघाड होऊन प्रवाह फार वाढलाच तर फ्यूज उडतो. स्वस्त कव्हरमध्ये ही व्यवस्था कितपत आहे हे विकत घेताना कळत नाही, आणि मधुमेहामुळे ज्यांची संवेदना मंदावली आहे त्यांना आपण भाजत आहोत हे वेळेवर जाणवत नाही. म्हणून हीटरचे कव्हर फुकट मिळाले तरी नको. आपल्याकडची थंडी शेतातल्या भरिताच्या पार्टीपुरती, तिला स्वेटर पुरतो.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र खरा आहे. तरीही बहुतेक गाड्यांतील व्हेंटिलेटेड सीट स्वतः गारवा निर्माण करत नाही. गादीतील छोटे पंखे छिद्रांच्या आवरणातून केबिनमधलीच हवा खेळवतात आणि त्यामुळे पाठीचा घाम वाळतो. मे महिन्यात भर उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावर एसीने केबिन थंड होईपर्यंत त्या सीटमधूनही गरम हवाच फिरते. गंमत अशी, की वरच्या मॉडेलमधील काळे लेदरेट (कृत्रिम चामडे) जितके तापते तितके मधल्या मॉडेलमधील कापड अंगाला भाजत नाही. म्हणजे तिथे निम्मे पैसे लेदरेटचा त्रास निवारण्यासाठीच जातात.

आता हिशेब पाहू. दोन लाखांच्या फरकावर 12 टक्क्यांनी रस्ता कर 24,000 रुपये होतो, विम्याचा वाढीव हप्ता वेगळा. हे 2,24,000 रुपये 9 टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याला सुमारे 4,650 रुपये हप्ता बसतो आणि जवळपास 55,000 रुपये व्याजात जातात. आपले उत्पन्न बाग कापणीला आल्यावर येते, हप्ता मात्र दरमहा. त्यातच वादळी वाऱ्याने बाग आडवी झाली किंवा भाव पडले तर बँक थांबत नाही. म्हणून मधले मॉडेल घ्यावे आणि कर्ज वाढवू नये. बागेचा सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला असेल आणि फरकाची रक्कम रोखीने देता येत असेल, किंवा वर्षभर रोज दोन-तीन तास गाडीत जात असतील, तरच माझे मत वेगळे असेल. वरच्या मॉडेलमध्ये जास्त एअरबॅग मिळत असतील तर तेही पाहावे, कारण त्यांचे मोल सीटपेक्षा अधिक आहे.

वडिलांसाठी काचेवर सनशेड लावावी आणि त्यांना बसवण्यापूर्वी दारे उघडून एसी सुरू करावा. केवळ पंख्याचे कव्हर घ्यायचेच असेल, तर सीटच्या कडेला एअरबॅग असल्यास ती झाकली जाणार नाही हे तपासावे, गाडीची मूळ वायर कापू देऊ नये, कारण त्यावरून वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि बाहेरून बसवलेले विद्युत साहित्य विमा पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावे.