कथा लिहायला लागले आहे. स्पर्धांना पाठवू की अंकांना?

तुमच्या प्रश्नावरून समजले ते असे : वय चोवीस, राहणे नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, पाच कथा लिहून तयार, आणि व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या ‘भव्य राज्यस्तरीय’ स्पर्धांपैकी कोणत्या खऱ्या मानाव्यात व स्पर्धा सोडून कथा आणखी कुठे पाठवाव्यात, हा पेच. मी काही वर्षे एका सार्वजनिक वाचनालयाच्या कथास्पर्धेसाठी पहिल्या फेरीचे वाचन करीत आलो आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या स्वतःच्या कथा ‘साभार परत’ येत होत्या. या दोन्ही अनुभवांच्या बळावर लिहितो.

माझ्या मते मराठीत नव्या कथालेखकाला स्पर्धेपेक्षा संपादकाची गरज अधिक असते. स्पर्धेत क्रमांक हुकला तर तो का हुकला हे कोणी कळवत नाही, आणि मिळाला तरी प्रमाणपत्रावर कथेविषयी एक अक्षरही लिहिलेले नसते. माझी तिसरी की चौथी कथा एका मासिकाकडून परत आली, तेव्हा छापील चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘वहिनी पान सहानंतर कुठे गेली?’ मी कथा पुन्हा वाचली. वहिनी खरोखरच चहा टाकायला म्हणून आत गेली होती आणि शेवटपर्यंत बाहेर आलीच नव्हती. त्या एका ओळीने मला जे शिकवले, ते पुढे मिळालेल्या दोन उत्तेजनार्थ बक्षिसांनी शिकवले नाही.

म्हणून पहिला विचार दिवाळी अंकांचा करा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला वर्षातून एकदा हमखास उघडणारे हे दार आहे. मात्र ते दिवाळीत उघडत नाही. अंक ऑक्टोबरमध्ये विक्रीला यायचा तर सप्टेंबरात छपाई, त्याआधी मुद्रितशोधन आणि चित्रे, असा हिशेब असल्यामुळे बहुतेक संपादकांची निवड पावसाळ्यातच उरकलेली असते. गणपती बसल्यावर पाठवलेली कथा, ती कितीही चांगली असली तरी, पुढच्या वर्षाच्या फायलीत जाते. मे-जूनमध्ये पाठवा. त्याआधी अनेक वाचनालयांत असते तशा दिवाळी अंक योजनेत नाव घालून गेल्या वर्षीचे दहा-पंधरा अंक वाचून काढा. कोणता अंक ग्रामीण कथा घेतो, कोणता लांब कथेला जागा देतो आणि कोणता फक्त नामवंतांनाच छापतो, हे त्यातूनच कळेल. दिवाळीशिवाय वर्षभर चालणारी नियतकालिकेही आहेत. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेले ‘साधना’ आहे. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचे ‘किशोर’ आहे. आणि कविता लिहिणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला धुळ्याहून निघणाऱ्या ‘कविता-रती’चे अंक आवर्जून वाचायला सांगा.

स्पर्धांना मी नावे ठेवत नाही. ठरलेली तारीख आणि शब्दमर्यादा यांच्या धाकाने अर्धवट कथा पूर्ण होतात, हा त्यांचा मोठा उपकार आहे. पण आमच्या टेबलावर काय घडते तेही ऐका. कथांचा गठ्ठा येतो तेव्हा सर्वांत आधी नियम मोडणाऱ्या कथा बाजूला काढल्या जातात : दोन हजार शब्दांची मर्यादा असताना साडेतीन हजार शब्द, नाव लिहू नका असे सांगूनही प्रत्येक पानाच्या तळाशी नाव आणि मोबाइल क्रमांक, किंवा पीडीएफमधून उचलून चिकटवल्यामुळे जोडाक्षरे फुटलेला मजकूर. या चाळणीत चांगल्या कथाही जातात आणि वाईट वाटते, पण इलाज नसतो. तेव्हा कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करून वर्ड फाइल पाठवा आणि लेखकाची माहिती वेगळ्या पानावर द्या. उरलेल्या कथांपैकी निम्म्या पहिल्या पानावरच मागे पडतात, कारण त्या पहाटे गजर वाजण्यापासून सुरू होतात आणि मुख्य प्रसंग पान चारवर येतो.

आता ज्यांपासून लांब राहावे त्या स्पर्धांविषयी. जाहिरातीत परीक्षकांची नावे नाहीत, आधीच्या वर्षीचा निकाल कुठे सापडत नाही, आणि ‘सहभाग शुल्क’ भरताच प्रत्येकाला ई-प्रमाणपत्र मिळणार आहे, असे दिसले की समजून जा. याचाच दुसरा अवतार म्हणजे ‘प्रातिनिधिक संग्रह’. तुमची कथा ‘निवडली गेली’ असा निरोप येतो आणि पाठोपाठ पानामागे इतके रुपये व पाच प्रती घेणे बंधनकारक, अशी ओळ येते. मी स्वतः एकदा असे पैसे भरले आहेत. पुस्तक आले, त्यात माझे आडनाव चुकलेले होते आणि त्या पाच प्रती नातेवाइकांखेरीज कोणी वाचल्या नाहीत. नाममात्र शुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा खोट्या असतात असे नाही, पण निवड आणि वसुली एकाच निरोपात आली तर तिला निवड म्हणू नये.

नियमांतली ‘पाठविलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ ही ओळ दिसली तर थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तरीही ज्यांना एका अंकापुरती किंवा एका संग्रहापुरती परवानगी पुरत नाही, त्यांना कथा देण्याची घाई कशासाठी?

सरकारी योजना पुढच्या टप्प्याच्या आहेत, तरी माहीत असाव्यात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत, ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही अशांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळते. पाच कथांच्या दहा-बारा झाल्या की तिकडे पाहा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे विभाग आहेत. साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार २०११ पासून पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना दिला जातो, त्याची रक्कम ५०,००० रुपये आहे, परंतु त्यासाठी पुस्तक प्रसिद्ध झालेले असावे लागते. केंद्राची २०२१ साली सुरू झालेली तरुण लेखकांची ‘युवा’ योजना तिशीच्या आतल्यांसाठी असून निवड झालेल्यांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, मात्र तिचे विषय ठरवून दिलेले असतात. तुमच्या कथांसाठी ती जागा नव्हे.

एक नोंदवही करा : कथेचे नाव, कुठे पाठवली, तारीख, पोच आली का. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी, तीन महिने वाट पाहावी, नंतर नम्र स्मरणपत्र लिहावे आणि त्यालाही उत्तर आले नाही तर कथा परत घेत असल्याचे कळवून दुसरीकडे पाठवावी. तुम्ही प्रश्नात पिठाच्या गिरणीवरच्या ज्या कथेचा उल्लेख केला आहे, ती अजून फेसबुकवर किंवा प्रतिलिपीवर टाकली नसेल तर टाकू नका. बहुतेक अंक आणि स्पर्धा अप्रकाशित साहित्यच मागतात आणि तिथे टाकलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित ठरते. टाकलीच असेल, तर उरलेल्या चारांपैकी एक निवडा आणि येत्या मे महिन्यात ती एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवा.