बॉल येत नाही तरी पळ

अरे राजा,

शुक्रवारी तुझ्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचनंतर तुझा मेसेज आला, "काका, बॉल माझ्याकडे येतच नाही, मग उगाच पळायचं कशाला?" फोनच करणार होतो, पण फोनवर मी ओरडतो हे तुलाही माहितीये, म्हणून टाइप करतोय. मराठीतच. रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं काढलीयस, वाचता येईल, अडलं तर आईला विचार.

तू चांगला खेळतोस वगैरे मी सांगत बसणार नाही. मी स्टँडमध्येच होतो. दुसऱ्या हाफमध्ये पोस्ट रूटवर, म्हणजे रिसीव्हरने पळायच्या ठरलेल्या वाटेवर, तू आठ यार्ड पळालास आणि पास टाकणारा क्वार्टरबॅक दुसरीकडे बघतोय म्हटल्यावर चक्क चालायला लागलास. तुला अडवणाऱ्या समोरच्या कॉर्नरबॅकने ते टिपलं. त्यानंतर तू जॉगिंग करत निघालास की तो तुला सोडून सरळ बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकवर धावायचा, आणि ज्या एका प्लेला तू जीव तोडून निघालास तेव्हा त्याला आधीच कळलं की आता बॉल ह्याच्याकडे येतोय. म्हणजे तुझ्याकडे बॉल येत नाही ह्याचं अर्धं कारण तूच आहेस. राग आला? येऊ दे.

रूट पूर्ण पळ. बॉल येवो न येवो, पूर्ण पळ.

फोर्टी-नायनर्सचा रिसीव्हर जेरी राइस तुम्हा पोरांना फक्त आकड्यांतून माहितीये, १,५४९ कॅच, २२,८९५ यार्ड, २०८ टचडाउन. मला मात्र जानेवारी १९८९ आठवतो. मायामीत सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला तीन रूममेट्सबरोबर एका डबडा टीव्हीसमोर, नियम अर्धे कळत नव्हते आणि कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. सॅन फ्रान्सिस्कोचे फोर्टी-नायनर्स बेंगॉल्सविरुद्ध १३-१६ ने मागे, तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद शिल्लक, ९२ यार्ड जायचे. राइसने त्या दिवशी ११ कॅच घेतले, २१५ यार्ड, एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडूही तोच झाला. पण शेवटचा टचडाउन कुणाचा? जॉन टेलरचा. ३४ सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक जो माँटानाचा १० यार्डांचा पास, आणि पूर्ण मॅचमधला टेलरचा तो पहिला आणि एकमेव कॅच! तोपर्यंत एकही पास हातात आला नव्हता त्याच्या. तो तुझ्यासारखा हिरमुसून चालत राहिला असता तर? आणि राइस काय करत होता, तर मोशनमध्ये जाऊन, म्हणजे प्ले सुरू व्हायच्या आधीच आडवा सरकत, बेंगॉल्सच्या पोरांना स्वतःकडे बघायला लावत होता. बॉल दुसऱ्याला मिळणार आहे हे ठाऊक असून.

आता तू म्हणशील तो जिनिअस होता. अरे कसला जिनिअस, मिसिसिपीतल्या गवंड्याचा पोरगा, बापाच्या हाताखाली विटा झेलायचा. लहानशा कॉलेजातून आला, चाळीस यार्ड धावण्याचं त्याचं टायमिंग बघून लोक नाकं मुरडायचे, १९८५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, १६वा. पहिल्या सीझनला इतके पास सोडले की कँडलस्टिकवर, त्यांच्या घरच्या मैदानावर, आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या सीझनच्या प्लेऑफमध्ये जायंट्सविरुद्ध तर एकटाच एंड झोनकडे सुटला होता, मागेपुढे कुणी नाही, आणि बॉल हातातून निसटला. टीम ४९-३ ने हरली. तुझा एक सुटलेला पास काय घेऊन बसलास. आणि ह्या माणसाची प्रॅक्टिसमधली सवय माहितीये का, पाच यार्डांचा स्लँट, म्हणजे छोटा तिरका पास, पकडला तरी तिथे थांबायचा नाही, थेट एंड झोनपर्यंत पळत जायचा. प्रत्येक वेळी. सराव चाललाय, कुणी टॅकल करायला नाही, तरी.

रूट पूर्ण पळ म्हणजे हे. बारा यार्ड पळून मागे वळायचा कर्ल असेल तर अकरावर वळायचं नाही. क्वार्टरबॅक तू वळायच्या आधीच बॉल सोडतो, तुझ्यावर विश्वास ठेवून सोडतो, आणि तू एक यार्ड खाल्लास की बॉल समोरच्या टीमच्या हातात जातो आणि तो इंटरसेप्शन त्याच्या नावावर लागतो.

मला हे इतकं का टोचतं ते सांगतो, तुझ्या आईलाही माहिती नाहीये. १९९८ला आमच्या कंपनीत मला लीड करतील अशी खात्री होती, केलं दुसऱ्याला. मी काही भांडलो नाही, फक्त ढिला पडलो. दोन वर्षं. काम करायचो, पण आठ यार्ड. मग तो माणूस सोडून गेला, मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि डिझाइनमधलं साधं काहीतरी विचारलं तर मला सांगता येईना. बाहेरून माणूस आणला त्यांनी. शाळेत खो-खो खेळायचो मी सांगलीला, रांगेत बसलेला गडी खो मिळाल्यावर कसा उठतो हे मला बारा वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं रे.

त्यानंतर मी हट्टाने एकही रूट अर्धा सोडला नाही. तुझी काकू म्हणते त्या नादात पोरीचे अरंगेत्रमइतके मोठे तीन नाचाचे कार्यक्रम बुडवलेस. तीन नाही, दोन. आणि राइसचंच उदाहरण मला फेकून मारते, २०१०ला कँटनला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या भाषणात तो म्हणाला होता की अपयशाच्या भीतीनेच मला आयुष्यभर पळवलं, आणि एकच खंत आहे, ह्या सगळ्याचा आनंद कधी घेतला नाही. बरं, म्हणाला. पण वीस सीझन खेळून झाल्यावर म्हणाला ना! आधी पळ, मग खंत कर. काकूला हे पटत नाही, आणि खरं सांगू, रात्री कधीकधी मलाही नाही पटत, पण तू सतरा वर्षांचा आहेस, तुझ्यापुरतं मी बरोबर आहे.

फुटबॉल सोडायचं असेल तर खुशाल सोड, सीझन संपल्यावर सोड. अर्ध्या रूटवर नाही.

शनिवारी सकाळी सातला शाळेच्या ग्राउंडवर ये. बॉल मी टाकणार. माझा खांदा तुला माहितीये, दहातले तीन तुझ्यापर्यंत पोचले तर नशीब, उरलेल्या सात वेळा मी फक्त बघणारे तू कुठे थांबतोस. केळी मी आणतो, आईला म्हणावं पोह्यांचा डबा दे.

तुझा,
काका